तो एलची मागत होता

हे आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. मुलगा पुण्याला असतो, त्याला सांगायचा प्रश्नच येत नाही — माझ्या बीपीच्या गोळ्यांपलीकडे माझ्याबद्दल त्याला काही ऐकायचं नसतं. तुम्हाला सांगतोय, पण लगेच हुरळून जाऊ नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढीच तुमची लायकी. आणि मधे मधे "अहो, त्यात काय एवढं", "तुमच्या जागी कुणीही असतं तरी" असलं काही बोलणार असाल तर आत्ताच उठा. माझ्या जागी कुणीही नव्हतं. मी होतो.

गोष्ट एका वाक्याची आहे. एका म्हातारीला माझ्या तोंडून एक वाक्य इंग्रजीत बोलून हवं होतं. सोपं होतं हो — पाचवीतलं पोरगं बोललं असतं. "माझ्या आईने त्याला पाणी पाजलं, फक्त पाणी." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. खेड्यातल्या पोरांच्या तोंडात कर्ता, कर्म, क्रियापद कोंबत आलो. आणि हे एक वाक्य मी बोललो नाही. दुसरंच बोललो. एवढ्यावरच थांबलो असतो तरी — पण थांबलो नाही. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की भाषांतरात काहीतरी चुकलं. चुकलं वगैरे काही नाही.

आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत — बघा, कबूल करायला बसलोय आणि हात अजून झाकण्यातच गुंतलेत. जमीन आमची मोठी. आजोबा पोलीस पाटील. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो.

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. माझा जन्म व्हायला अजून बराच अवकाश होता. गोऱ्यांचं एक बॉम्बर विमान सरावाला निघालं होतं, ते आमच्या वावरात पडलं. वावरात दादर उभी होती — दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, माणूस आत शिरला तर दिसत नाही. दिवस यात्रेचे. सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला, गावातले कर्ते पुरुष तिकडे. गावात राहिले होते आबा, म्हातारेकोतारे, बायका आणि सालदारांची — वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांची — घरं. विमानातले बाकीचे जागच्या जागी गेले. लढाईचं तोंडही न बघता, सराव करता करताच मेले. एकजण मात्र जिवंत होता. बाहेर फेकला गेला होता. कमरेखालचं शरीर कामातून गेलेलं, पण शुद्धीवर होता, बोलत होता. सकाळी पडला आणि दिवस मावळताना मेला. मधला सगळा दिवस तो आमच्या वावरात पडून होता.

ह्या दिवसाचा आमच्या घरात एक विनोद आहे. होय, विनोद. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली आणि पानं वाढली की कुणीतरी म्हणायचंच, "आबा, ते वाटरनी गोट सांगा ना." आबा आढेवेढे घ्यायचे आणि मग सांगायचे. "गोरा नुसता वाटर वाटर करे. मी म्हनं, हाऊ वाट इचारी ऱ्हायना. हात करीसन त्याले शहादानी वाट दखाडी दिधी!" पंगतीतल्या लोकांना ठसका लागायचा. गावात तर म्हणच पडली. कुणी भलतंच समजलं की "हे तर गोरानं वाटर झालं" म्हणायचे. मी स्वतः वर्गात सांगायचो — इंग्रजी शिका रे, नाहीतर माणूस पाणी मागेल आणि तुम्ही त्याला रस्ता दाखवाल. पोरं खिदळायची. मीही हसायचो.

आता विचारा मला, तुम्हाला इंग्रजी कुणी शिकवलं? आबांनी. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी, ओट्यावर बसवून, पाटीवर. आबा धुळ्याला बोर्डिंगात राहून इंग्रजी चार यत्ता शिकलेले. डब्ल्यूपाशी आले की ते तांब्या उचलायचे आणि म्हणायचे, वॉटर. मी म्हणायचो, वॉटर. मग ते मला पाणी द्यायचे.

दहा-अकरा वर्षांचा असेन. असाच कुणाच्या तरी लग्नात आबा तो विनोद सांगत होते आणि माझा घास तोंडातच राहिला. मी वर पाहिलं. आबा माझ्याकडेच बघत होते. मला कळलंय, हे त्यांना कळलं. मी काय केलं असेल? हसलो. पंगतीत सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. आबांनी पुढच्या यात्रेत मला घोड्यावर बसवून आणलं. लहान होतो म्हणून सोडून देताय ना मला? नका सोडू. त्या हसण्याचं बक्षीस मला मिळालं आणि ते कशाचं आहे हे मला ठाऊक होतं.

खरं काय झालं ते मी पुढे जुन्या माणसांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. आबा वावराच्या बांधापर्यंत गेले होते. पाणी मागतोय हे त्यांना स्वच्छ कळलं होतं. ते म्हणाले, "फौजदार येस तवलगून कोनी हात लावानं नही. आधी पंचनामा." मेलेल्या माणसासाठी असलेला कायदा त्यांनी जित्या माणसाला लावला. भीती असेल — विमानात बॉम्ब असतील, गोरा आपल्या हातात मेला तर बालंट येईल. रागही असेल, गोऱ्यांवर तेव्हा कुणाचा नव्हता? भीती किती आणि राग किती, मी विचारलं नाही. त्यांनी तालुक्याला माणूस धाडला आणि ओट्यावर येऊन बसून राहिले.

एकच बाई त्या वावरात शिरली. आमच्या सालदाराची बायको, रूपली. भिल्लाची. बांधावर गवत कापत होती. तिच्याजवळ पाण्याचा तुंबा होता, त्यातलं पाणी तिने गोऱ्याच्या तोंडात थोडं थोडं सोडलं. संपलं की विहिरीवरून भरून आणलं. आबांनी ओरडून हाकललं, ती दादरीतून आडवाटेने परत गेली. सोबत तिची लहानगी पोरगी होती, जमनी.

संध्याकाळी फौजदार आला, त्याच्यामागून गोरे अधिकारी आले. तोवर माणूस मेलेला. गोऱ्यांनी विचारलं, हा दिवसभर जिवंत होता म्हणता, मग तुम्ही काय केलंत? आता पोलीस पाटील काय सांगणार — पंचनाम्यासाठी थांबलो होतो? आबा म्हणाले, आम्ही जवळ जाणार तेवढ्यात ह्या बाईने त्याला काहीतरी पाजलं आणि तो मेला. आणि फौजदाराच्या कानाशी लागून — साहेब, ही डाकीण आहे.

डाकीण. तुमच्याकडे हा शब्द गोष्टीत असेल. आमच्याकडे तो घराच्या दारावर येऊन बसतो आणि नातवंडं मोठी झाली तरी उठत नाही. डाकीण म्हणजे माणसाला खाणारी बाई. नजरेने खाते, हाताने खाते. पोर दगावलं, म्हैस आटली, की कुणीतरी बोट दाखवतं आणि मग त्या बाईचं काय करायचं ते गाव ठरवतं. डोंगरात अशा बायका मारल्या गेल्या आहेत, आणि हे फार जुनं नाही. रूपलीला चावडीवर झोडपलं. मग नवऱ्या-पोरीसकट गावाबाहेर काढलं. ती माणसं तळोद्याच्या वर डोंगरात एका पाड्यावर जाऊन राहिली. तो शब्द त्यांच्या आधीच तिथे पोचला होता. इथे गावाबाहेर काढलं, तिथेही झोपडी पाड्यापासून लांब.

इथवरचं पाप आबांचं. ते केव्हाच गेले, मोठी अंत्ययात्रा निघाली, ओसरीत त्यांचा फोटो लावलाय. त्यांचं त्यांच्यापाशी. आता माझं.

मी निवृत्त झालो त्यानंतरची गोष्ट. एक गोरी म्हातारी काठी टेकत आमच्या ओट्याशी आली. नंदुरबारहून गाडी करून आली होती, हातात नकाशा. त्या विमानातल्या माणसाची मुलगी. दिवसभर वावरात पडून राहिला होता ना, त्याचीच. तिचं नाव एल्सी. गावाने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण इंग्रजी बोलणारा मी आणि वावरही माझंच. पोरांनी गर्दी केली, फोटो काढले. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मला तिचा राग आला.

का? काय सांगू? मनात म्हटलं, तिकडे मणिबेलीसारखी गावं धरणाच्या पाण्याखाली गेली, तिथल्या माणसांचे बापजादे कुठे होते हे शोधायला कुणी नकाशा घेऊन आलं का? आणि ही बाई समुद्र ओलांडून एका बापासाठी आली. बरं वाटलं असं म्हणून. पण मणिबेलीला मी जन्मात गेलेलो नाही. तिथल्या माणसांचा पुळका मला ना त्याआधी होता, ना नंतर आला. राग करायला काहीतरी चांगलंसं कारण पाहिजे होतं, ते सापडलं. खरा राग वेगळ्याचा होता. ही बाई विचारणार, आणि मला उत्तर माहीत होतं.

तिने विचारलंच. तिचा जन्म झाला तेव्हा बाप इकडे हिंदुस्थानात होता. आईने त्याला तार केली होती — मुलगी झाली, नाव एल्सी ठेवलं. घराण्यात त्या नावाचं दुसरं कुणीच नव्हतं, आईला आवडलं म्हणून ठेवलेलं. त्यानंतर काही दिवसांतच विमान पडलं. तार त्याच्या हातात पडली की नाही, ते कुणालाच कळलं नाही. तार पोचली की नाही ह्याचीच आईने हाय खाल्ली आणि त्यातच ती गेली. आणि ही आता काठी टेकत आली होती. म्हणाली, तो कसा मेला ते कळलं तर बरंच. पण मी जन्मले हे त्याला माहीत होतं का, एवढं मला कळायला हवं आहे.

मग म्हणाली, शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का?

मी फोटोकडे बोट केलं. "माझे आजोबा होते. त्यांनी पाणी पाजलं." उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने उठून आबांच्या फोटोपुढे मान झुकवली. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि रडली. पुतण्याने त्याचा व्हिडिओ काढला, तो सगळ्या भाऊबंदांत फिरला. लोक म्हणाले, आबा म्हणजे देवमाणूस. आणि मला — लाज वाटली असं म्हणायला हवं, नाही का? नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं घरात जी घाण होती ती एका वाक्यात धुतली गेली.

तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा बोलला, "जमनी जिवत शे ना अजून, डोंगरमा. तिनी बठ्ठं देखेल शे." बाईने मला विचारलं, काय म्हणतात ते? मी म्हटलं, काही नाही, म्हातारा आहे. पण तिचा ड्रायव्हर नंदुरबारचा, त्याने मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं की एक बाई आहे, तिने सगळं पाहिलंय. झालं. मॅडम हट्टाला पेटल्या. मी म्हटलं, रस्ता वाईट आहे, जीपने जावं लागतं, तुमच्या वयाला झेपणार नाही. ती म्हणाली, मी इथवर आले आहे.

तळोद्याहून जीप केली. आदल्या दिवशीच पाड्यावर निरोप गेला होता. जमनी झोपडीबाहेर खाट टाकून, नवं लुगडं नेसून बसली होती. मागे तिचा मुलगा दित्या. पाड्यातली बाकीची माणसं आली होती, पण लांब, महूच्या — म्हणजे मोहाच्या — झाडापाशी उभी. तिच्या दारापाशी कुणी येत नव्हतं. घरात ती भिलोरी बोलायची. माझ्याशी मात्र अहिराणी बोलली, लहानपण आमच्याच गावात गेलेलं. मला बघून म्हणाली, "तू पाटीलना नातू ना? बस भाऊ." आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ती सरळ विषयावर आली. तिने हे वाक्य कितीदा मनात म्हटलं असेल कुणास ठाऊक.

"तिले सांग भाऊ. मन्ही मायनी तिना बापले पानी पाजं. पानीच व्हतं, दुसरं काहीच नही. मन्ही मायनी त्याले खादं नही. इतलंच सांग. मंग मी मराले मोकळी."

माझ्या आईने त्याला खाल्लं नाही. हे तिला कुणाला तरी सांगायचं होतं — म्हणजे कुणालाही नाही, त्या मेलेल्याच्याच माणसाला. गावाने डाग लावला तर तो गावाने धुऊन निघत नाही. ज्याला खाल्लं म्हणतात त्याच्या घरचं माणूस म्हणालं की नाही खाल्लं, तर पंचांना गप्प बसावं लागतं. डोंगरातला हा न्याय मला माहीत होता. ती माझ्याकडून काय मागत होती हे मला पुरतं माहीत होतं.

एल्सी माझ्या तोंडाकडे बघत होती. जमनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणते, माझ्या आजोबांनीच तुमच्या वडिलांना पाणी पाजलं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे."

"आबा" म्हटलं असतं तर जमनीच्या कानाला तो शब्द लागला असता. म्हणून मी "माय ग्रँडफादर" म्हणालो. एवढं सुचलं मला. गांगरून गेलो, तोंडातून निघून गेलं, असं म्हणायला जागाच नाही. मी शब्द निवडून बोललो.

एल्सीने जमनीकडे बघून मान हलवली, हसली. जमनीला वाटलं, पोचलं. तिचा चेहरा असा काही झाला — जाऊ द्या, ते वर्णन करायचा हक्क मला नाही. तिने कमरेचा खोचा सोडला. त्यात एक गाठ बांधलेली होती. गाठीत वेलदोडे. बाई येणार कळल्यावर तळोद्याच्या बाजारातून मुलाकडून मागवलेले.

"तो दिनभर एलची मांगे," ती म्हणाली. "पानी पी, नि एलची, एलची करे. माय म्हने, सालदारना घरमा एलची कोठली? पाटीलना घर मांगाले गई, तं हाकली दिधी. मरे तवलगून मायले तेच लागे, मरता मानूसनी एलची मांगी नि आपुन दिधी नही. तवय देवाले नव्हती. आते दे तिले."

आमच्याकडे वेलदोड्याला एलची म्हणतात. गुजरातेत म्हणतात तसंच.

आणि एल्सी माझ्या शेजारी, त्याच खाटेवर बसली होती.

कळलं ना? मला त्याच क्षणी कळलं. तार पोचली होती. नाव त्याला माहीत होतं. तो दिवसभर पोरीचं नाव घेत होता, आणि एक भिल्लीण मरेपर्यंत हळहळत राहिली की आपण त्याला वेलदोडा देऊ शकलो नाही. दोन म्हाताऱ्या एकाच खाटेवर बसल्या होत्या. एकीकडे प्रश्न होता, दुसरीकडे उत्तर होतं आणि आपल्याकडे उत्तर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. जगाच्या पाठीवर हे समजू शकेल असं त्या घटकेला एकच माणूस होतं. ते मी.

एल्सीने तळहातावरच्या वेलदोड्यांकडे बघून विचारलं, हे काय?

मी म्हणालो, "पाहुण्यांना देतात. इथली पद्धत आहे."

तिने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, वास छान आहे.

का नाही सांगितलं? हिशेब सरळ होता. सांगितलं असतं तर तिने जमनीला मिठी मारली असती. मग विचारलं असतं, इतक्या जवळून ऐकलं कुणी? दिवसभर त्याच्याजवळ कोण बसलं होतं? कुणाच्या घरातून कुणाला हाकललं? आणि ओसरीतला फोटो उघडा पडला असता. हे एक झालं. दुसरंही आहे, ते ह्याहून घाण आहे. मला त्यात थोडी मजा वाटली. मी बोलेन तेच खरं, मी गिळेन ते नाहीच. शाळेत पोरांपुढे, घरात आबांपुढे, नंतर मुलापुढे, कुठेच माझा शब्द असा चालला नव्हता. तिथे त्या खाटेवर चालला. हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

अजून संपलं नाही. एल्सी पुढे झुकली आणि म्हणाली, तिला विचारा ना, तो काही बोलला का? एखादा शब्द तरी?

मी जमनीकडे वळलो आणि विचारलं, "औंदा महू कसा पडना?"

ती गोंधळली. यंदा महूची फुलं किती पडली, हे ह्या बाईला कशाला हवं? पण पाहुण्याने विचारलं म्हणून भलेपणाने म्हणाली, "बरा पडना."

मी एल्सीला सांगितलं, "नाही. पाणी प्यायले आणि बेशुद्ध झाले. काही बोलले नाहीत."

एल्सीने मान खाली घातली. काठीच्या मुठीवर हात ठेवले. मग म्हणाली, ठीक आहे, त्रास तरी झाला नाही त्याला.

निघायच्या वेळी जमनीने माझा सदरा धरला. "बाई काय म्हनस?" आणि मी म्हणालो, "बाई म्हनस, तुन्ही मायना लई उपकार शेतस. तिनावर काहीच डाग नही." जमनी उठून उभी राहिली. महूच्या झाडापाशी उभ्या असलेल्या लोकांना तिने भिलोरीत ओरडून काहीतरी सांगितलं. दोनदा सांगितलं. मग माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी लावू दिला.

आता तुम्ही म्हणाल, तिला समाधान तर मिळालं. मीसुद्धा पुढे काही वर्षं हेच घोकत होतो. शब्द खोटा असेल पण काम तर झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झालं का काम? पाड्यातल्या लोकांनी ऐकलं ते जमनीच्याच तोंडून; पाटलाचा नातू बोलला तो खाटेपाशी, हळू आवाजात. बाईने जमनीला जवळ घेतलेलं कुणी पाहिलं नाही. तिने घेतलंच नव्हतं. तिच्या लेखी जमनी माझ्या आजोबांची साक्षीदार होती, बस. लोक म्हणाले, म्हातारी आपल्याच मनाचं सांगते. झोपडी लांबच राहिली.

एल्सी गेली. नाताळला तिचं शुभेच्छापत्र यायचं, आबांचे आभार मानणारं. मग यायचं बंद झालं. ती आहे की गेली, मी शोध घेतला नाही. तार पोचली होती, हे मला आजही तिच्या देशात कुणाला तरी कळवता येईल. कळवलेलं नाही.

जमनी दरसाल दित्याबरोबर आमचूर पाठवायची. कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात पांढरे वाळवलेले काप, पिशवीभर. "सरसाठे." बायको होती तोवर त्याची आमटी करायची. मी खाल्ली आहे. चांगली लागायची. घशाखाली उतरायला कधी त्रास झाला नाही, हेही सांगून ठेवतो.

जमनी गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे ह्याच उन्हाळ्यात, दित्या पिशवी घेऊन आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. वर बस म्हटलं, बसला नाही. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांना कुणीतरी सांगितलं, डाकीणनं घर शे. त्यांनी मोडायचं काढलं होतं. पंच बसणार होते. तो म्हणाला, "सर, तुम्ही तठे व्हतात. गोरी बाई काय बोलनी ते पंचले सांगा. पानीच व्हतं, इतलंच सांगा."

म्हणजे बघा, खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. बाई काय बोलली ते बाजूला ठेवून नुसतं एवढंच म्हणायचं होतं — पाणीच होतं, मला माहीत आहे, माझ्या आजोबांनी आळ घेतला. मी पाटलाचा नातू. माझ्या तोंडून ते निघालं असतं तर बाईचीही गरज नव्हती. मला जीपमध्ये बसून डोंगर चढायचा होता, पंचांपुढे एक वाक्य बोलायचं होतं आणि परत यायचं होतं.

मी म्हणालो, "दित्या, गुडघा फार दुखतो रे. डोंगर चढणं होत नाही."

तो लगेच उठला. "ऱ्हाऊ द्या सर. तब्येत संभाळा. माय सांगी गई व्हती, सरले दरसाल आमचूर देवानं. सरनी आपलं नाव धुई दिधं." पिशवी ओट्यावर ठेवली आणि गेला.

लग्न मोडलं. पोरगी ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेली, असं कळलं. पंच बसले त्या दिवशी मी नेहमीसारखा तापीच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि चालत परत आलो. गुडघा दुखत नव्हता.